सात तपकिरी गोळ्या

बटणांच्या कारखान्यात तिला सगळे दुर्बीण म्हणत. हे नाव तिला कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नव्हतं, पण ठेवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. इतरांना जो नुसता पांढरा दिसे, त्यात तिला सतरा रंग दिसत. दुधाचा पांढरा, दातांचा पांढरा, धुऊन धुऊन विटलेल्या चादरीचा पांढरा, यांचं एकमेकांशी काही नातं आहे हे तिला मान्यच नव्हतं. घरी मात्र या नजरेचा उपयोग शून्य. नवऱ्याने एकदा भिंती रंगवायला काढल्या, तर ही दोन डब्यांतला फरक समजावत बसली आणि तो बिचारा ब्रश हातात धरून अर्धा तास उभा.

तिचं काम म्हणजे तपासणी. एका कार्डावर बारा बटणं टाचलेली असतात. कार्ड उचलायचं, दिव्याखाली तिरकं धरायचं, बारांतलं एखादं बटण रंगाने वेगळं दिसलं की नखाने उपटून डावीकडच्या बाद डब्यात टाकायचं, त्या जागी बरोबरचं बटण टाचायचं, की पुढचं कार्ड. यात विचार करायचा नसतो. विचार करणारी बाई दिवसाला चारशे कार्डं करते आणि न करणारी नऊशे. दुर्बीण एकोणीस वर्षं नऊशेवाली होती. हात आपोआप चालायचे आणि तोंड शेजारच्या चिमणीशी. ही चिमणी म्हणजे तिची टेबलावरची जोडीदारीण. अंगाने एवढीशी, आवाजाने खणखणीत, आणि ज्या विषयातलं काही कळत नाही त्या विषयावर सगळ्यात आधी बोलणारी.

दुर्बिणीला दोन मुलं. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी चार. धाकटीच्या वेळी ती चार महिने अंथरुणाला खिळली होती. पाण्याचा घोट पोटात ठरत नव्हता, दोनदा सलाइन लावावं लागलं, आणि कारखान्यातली जागा केवळ तिच्या नजरेमुळे टिकली. तिसरं नको, हे ती आणि नवरा एकदा बोलून मोकळे झाले होते. एकदाच, कारण या विषयावर दुसऱ्यांदा तोंड उघडायची त्या घरात कोणाची छाती नव्हती. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बारा मजल्यांच्या पोकळीत दोरखंडाला लटकताना ज्याला भीती वाटत नसे, तो औषधाच्या दुकानात कंडोम मागायला जाऊन खोकल्याची बाटली घेऊन परत यायचा. घरात खोकल्याच्या सहा बाटल्या होत्या आणि खोकला कोणालाच नव्हता.

मग तिने तांबी बसवून पाहिली. तर पाळीला इतकं अंगावरून जायला लागलं की टेबलावरून उठताना आधी खुर्ची बघावी लागे. काहींना असं होतं, काहींना होत नाही, असं दवाखान्यातली सिस्टर म्हणाली आणि तिने ती काढून टाकली. रक्तदाब बघितला, डोकं दुखतं का, सिगरेट ओढतेस का, असे चार प्रश्न विचारले आणि गोळ्यांची तीन पाकिटं तिच्या हातावर ठेवली.

सिस्टर सांगत होती चांगलं. पण दाराबाहेर बायकांची ही रांग, आत दोन तान्ही मुलं टाहो फोडतायत, कोणीतरी ‘सिस्टर, कपाटाची किल्ली कुठंय?’ म्हणून दोनदा डोकावून गेलं. किल्लीचा निकाल लागेपर्यंत सिस्टरची निम्मी वाक्यं हवेत विरून गेली होती. दुर्बिणीच्या हाती लागलं ते एवढंच: रोज एक, ठरलेल्या वेळी, एक पाकीट संपलं की दुसऱ्या दिवशी दुसरं सुरू, आणि मध्ये खाडा नको. हे तिने घरापर्यंत मनात घोकलं. कामाच्या बाबतीत ती पहिल्यापासून शब्दाची पक्की होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवून तिने पहिलं पाकीट उघडलं. सातच्या चार ओळी. तीन ओळी पांढऱ्या आणि शेवटची ओळ तपकिरी. तिने पाकीट खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं, आणि पुढचं जे झालं ते तिने केलं असं म्हणणंही अन्यायाचं होईल, तिच्या नखाने केलं. चहाला उकळी यायच्या आत सातही तपकिरी गोळ्या केराच्या टोपलीत होत्या. मग तिने उरलेली दोन पाकिटं उघडून पाहिली. त्यांतही नेमकी शेवटचीच ओळ तपकिरी. दुसऱ्या कोणाला शंका आली असती. तिला उलट खात्री पटली, कारण कारखान्यात साचा बिघडला की प्रत्येक कार्डावर त्याच जागी तोच दोष निघतो, हे तिला एकोणीस वर्षं माहीत होतं. गोळ्यांच्या कारखान्यातल्या तपासणीच्या बाया काय झोपा काढतात का, असं पुटपुटत तिने एकवीस गोळ्या बाद केल्या आणि पहिली पांढरी गोळी पाण्याबरोबर गिळली.

आता खरं काय ते इथेच सांगून टाकलेलं बरं. त्या तपकिरी गोळ्यांत काही बिघाड नव्हता. त्यांत नुसतं लोह असतं. औषध पांढऱ्या गोळ्यांत. एकवीस दिवस औषध, मग सात दिवस औषधाला सुट्टी, आणि त्या सुट्टीत पाळी येते. रोजची सवय मोडू नये म्हणून सुट्टीतही हाताला एक गोळी ठेवलेली. दुर्बिणीने सुट्टीच बाद करून टाकली. एकविसाव्या दिवशी पांढऱ्या संपल्या, बाविसाव्या दिवशी दुसऱ्या पाकिटातली पांढरी तोंडात. सुट्टी नाही म्हणून पाळी नाही. एवढा सरळ मामला. तो एकट्या सिस्टरला कळला असता, आणि दुर्बिणीने सिस्टरला सोडून सगळ्या जगाला विचारलं.

पहिल्या दोन आठवड्यांत तिला सकाळी मळमळू लागलं. छाती दुखायची. नव्या गोळ्यांनी असं थोडे दिवस होऊ शकतं, हे पाकिटातल्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, पण तो कागद तिने पाकिटाबरोबरचं सामान समजून थोरल्याला विमान करायला दिला होता. चौथा आठवडा सरला, पाळीचा पत्ता नाही. पाचव्या आठवड्यात एक दिवस एवढासा डाग दिसला, आणि तिने सुटकेचा निःश्वास सोडायच्या आत तो थांबलाही.

“म्हणजे आली की नाही आली?” तिने चिमणीला विचारलं.

“किती होता?”

“शर्टाच्या बटणाएवढा.”

“मोठ्या की कॉलरच्या?”

“कॉलरच्या.”

चिमणीने दोन कार्डं बाजूला सारली आणि गंभीर झाली. “मग नाही आली. माझ्या मामेबहिणीला अस्सा डाग दिसला आणि नंतर मुलगी झाली. आता पाचवीत आहे.”

“पण मी गोळ्या घेतेय ना गं रोज.”

“घेत असशील. पण त्या गोळ्यांनी रक्त आतच साठतं म्हणतात. साठून साठून गाठ होते. किंवा मूल होतं. दोन्हींतलं काहीतरी एक.”

ही माहिती चिमणीला कुठून मिळाली होती देव जाणे, पण तिच्या आवाजात कधी शंका नसे आणि ऐकणाऱ्याला तेवढं पुरे. दुपारी परतताना दुर्बिणीने गर्भतपासणीची पट्टी विकत घेतली, घरी आल्या आल्या न्हाणीघरात जाऊन पाहिली, आणि एकच रेघ आली. एक रेघ म्हणजे नाही, दोन म्हणजे हो, एवढं तिला वेष्टनावरच्या चित्रावरून समजलं. पण त्या एका रेघेवर विश्वास कसा ठेवायचा? न्हाणीघरात चाळीसचा पिवळा दिवा. पिवळ्या दिव्याखाली तिने आजवर एक बटण पास केलं नव्हतं. तिने पट्टी रुमालात गुंडाळली आणि सकाळी कारखान्यात नेली.

टेबलावरच्या पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली तिने पट्टी तिरकी धरली. आणि तिला दिसली. पहिल्या रेघेशेजारी, केसापेक्षा बारीक, राखाडीकडे झुकणारी दुसरी रेघ.

“बघ.”

चिमणीने पट्टी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. “मला एकच दिसतेय.”

“नीट बघ. राखाडी आहे.”

“नाही बाई दिसत. पण माझ्या दिसण्याला काय अर्थ? तुझ्यापुढे माझी नजर कुठे टिकते?”

पट्टी दहा मिनिटांत बघून फेकून द्यायची असते, रात्रभर ठेवली की ती वाळताना अशी खोटी सावली उमटू शकते, हेही त्या वेष्टनावर लिहिलं होतं. ते चित्राच्या मागच्या बाजूला होतं. साध्या नजरेच्या बाईला ती सावली दिसलीच नसती आणि ती सुखाने कामाला लागली असती. दुर्बिणीचं धाबं दणाणलं.

संध्याकाळी तिने वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नणंदेला गाठलं. नणंद शिवणकाम करायची आणि तोंडात टाचण्या धरून बोलायची, त्यामुळे तिचा प्रत्येक सल्ला अर्धाच बाहेर येई.

“आधी त्या गोळ्या बंद कर,” नणंद म्हणाली. “पोटात असेल तर बाळाला बाधतील.”

“आणि नसेल तर?”

“तर बंद केल्यावर राहील.”

“मग बंद करू की चालू ठेवू?”

नणंदेने टाचण्या काढून हातात घेतल्या, बराच वेळ विचार केला आणि परत तोंडात घातल्या. “मी तुझ्या जागी असते तर आधी दादालाच विचारलं असतं.”

दादाला, म्हणजे नवऱ्याला, तिने दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं. तो हत्यारांची पिशवी भरत होता.

“असेल तर असेल,” तो म्हणाला. त्याला धीर द्यायचा होता. पण ‘असेल तर असेल’ म्हणणाऱ्याला चार महिने ओकायचं नसतं, आणि दुर्बिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो पाना हातात धरून तसाच उभा राहिला, आपलं काय चुकलं ते त्याला कळेना. त्या दिवशी ती दोघं एकमेकांशी फक्त मुलांमार्फत बोलली. गोळ्या मात्र तिने थांबवल्या नाहीत. रोज सकाळी गोळी जिभेवर ठेवताना तिला वाटे की आपण काहीतरी भयंकर करतोय, आणि न ठेवावी तर तेही भयंकरच वाटे. शेवटी ‘खाडा नको’ या दोन शब्दांना धरून ती गिळून टाकी आणि मग दिवसभर जीव टांगणीला.

आणि नेमकं याच वेळी रंगखोलीतल्या मावशींनी तिला बोलावलं.

रंगखोली म्हणजे कारखान्याच्या टोकाची उत्तरेच्या खिडकीची खोली. तयार कपडे शिवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या तिथे कापडाचा तुकडा पाठवत, आणि या कापडाला कुठलं बटण जुळेल ते मावशी सांगत. मावशी म्हणाल्या ‘जुळतं’, की बटणं रंगवायची भट्टी लागायची. त्या ‘नाही’ म्हणाल्या की मालकसुद्धा गप्प. एकतीस वर्षं त्या एकाच खुर्चीत बसल्या होत्या आणि आता गुडघ्यांनी असहकार पुकारला होता.

“सहा महिने माझ्याशेजारी बसायचं,” मावशी म्हणाल्या. “मग खुर्ची तुझी. पण सहा महिने सलग. मध्ये चार दिवस सुटले तरी डोळा बिघडतो. याआधी दोघी सोडून गेल्या. तुझं काय म्हणणं?”

एकोणीस वर्षं दुर्बिणीने बाद बटणं उपटली होती. कुठलं बटण जुळतं असं तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्या खुर्चीवर बसलेल्या स्वतःला तिने इतक्या वेळा मनात पाहिलं होतं, की आता ती खुर्ची खरीच समोर आल्यावर तिला रडूच आलं. तिने आठवडाभराची मुदत मागितली. मावशींना वाटलं, आनंदाने रडतेय.

आठवडाभर तिने दिवस मोजले. दिवस गेले असले तर अंथरूण धरायची वेळ, धाकटीच्या अनुभवावरून, दोन आठवड्यांत येणार होती. मावशींच्या शेजारी जेमतेम दोन आठवडे बसायचं आणि मग अंथरूण. तिसरी सोडून गेलेली, असं तिचं नाव त्या खोलीत राहिलं असतं. त्यापेक्षा न गेलेलं बरं. आठव्या आठवड्याच्या शेवटी ती मावशींसमोर उभी राहिली आणि “घरची अडचण आहे, मला जमणार नाही,” एवढं म्हणून मागे फिरली. मावशींनी कारण विचारायला तोंड उघडलं होतं, पण ती दाराबाहेर होती.

दोनच दिवसांत मावशींनी चिमणीला विचारलं, आणि चिमणी हो म्हणाली.

“मी नाही म्हणणार होते,” चिमणीने टेबलावर येऊन सांगितलं. “पण तू तर सोडलीसच ना?”

“हो गं. घे तू,” दुर्बीण म्हणाली आणि त्या दिवशी तिने पहिल्यांदा तीनशेच कार्डं केली.

पुढच्या आठवड्यात तिसरं पाकीट संपलं. खाडा तर करायचा नव्हता, म्हणजे दवाखान्यात जाणं भाग पडलं. नवरा बरोबर आला. तिने सांगितलं नव्हतं, त्याने विचारलं नव्हतं, तो आपला अर्धा दिवस रजा टाकून बसथांब्यावर येऊन उभा राहिला आणि तिची पिशवी त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतली.

सिस्टरने तिचं दवाखान्याचं कार्ड पाहिलं आणि भुवया चढवल्या. “तीन पाकिटं म्हणजे बारा आठवडे. तुझे नऊच झालेत. दिवसाला दोन घेतेस की काय?”

“नाही हो. एकच. रोज सकाळी साडेसहाला.”

“मग संपली कशी?”

“मला दिवस गेलेत,” दुर्बीण म्हणाली आणि तिथेच तिचा बांध फुटला. मळमळ, डाग, राखाडी रेघ, साठलेलं रक्त, मामेबहिणीची पाचवीतली मुलगी, सगळं एका दमात बाहेर आलं. सिस्टरने शांतपणे ऐकून घेतलं. मग तिला नवी पट्टी दिली, घड्याळ लावून पाच मिनिटं थांबली, एक रेघ दाखवली आणि लगेच पट्टी कचऱ्यात टाकली.

“अहो, अजून थोडं थांबा ना! दिव्याखाली...”

“दिव्याखाली काही नाही. दिवस गेलेले नाहीत. आता मला सांग, तपकिरी गोळ्या कधी घेतल्यास?”

“त्या? त्या खराब होत्या.”

“खराब?”

“रंग वेगळा होता ना. मी काढून टाकल्या.”

“तिन्ही पाकिटांतल्या?”

“साचा चुकला की सगळीकडे तेच चुकतं,” दुर्बिणीने सिस्टरला समजावून सांगितलं.

सिस्टरने कपाळाला हात लावला. ती हसत होती की काय ते हातामुळे दिसलं नाही. मग तिने दार लावून घेतलं, किल्ली मागायला आलेल्याला बाहेर घालवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. पांढऱ्यांतलं औषध, तपकिरीतलं लोह, सात दिवसांची सुट्टी. नवरा कान टवकारून ऐकत होता.

“मग दोन महिन्यांचं रक्त आत साठलं असेल ना?” दुर्बिणीने विचारलं.

“काही साठत नाही. पाळीला जे अस्तर झडतं, ते या गोळ्यांनी पातळच राहतं. झडायलाच काही नव्हतं. पांढऱ्या अशा सलग घेतल्याने बिघडलंही काही नाही. काही बायका डॉक्टरांना विचारून मुद्दाम घेतात. तू उलटं केलं असतंस, पांढऱ्या टाकून दिल्या असत्यास, तर मात्र आज दोन रेघा आल्या असत्या.”

“मग आता?”

“आता सात दिवस काही घेऊ नकोस. पाळी येईल. आठव्या दिवशी नवं पाकीट सुरू कर. पाळी थांबली नसली तरी. आठवा दिवस चुकवू मात्र नकोस.”

“पण तुम्हीच म्हणालात, खाडा नको!”

“हा खाडा नाही. ही सुट्टी.”

दुर्बिणीला दोन्हींतला फरक कळायला पाच मिनिटं लागली आणि नवऱ्याला सात. मग सिस्टरने खण उघडून एकेक वस्तू टेबलावर मांडली. रोजची कटकट नको असेल तर तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन आहे. दंडात कातडीखाली बसवायची काडी आहे, ती काही वर्षं चालते. अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी एकाच हार्मोनची वेगळी गोळी असते, तिच्या पाकिटात बहुतेक वेळा सुट्टीची ओळच नसते. तांबीसारखीच, पण हार्मोन सोडणारी एक असते, तिने अंगावरून जाणं उलट कमी होतं. “यांतल्या कशानेही आजार लागायचे थांबत नाहीत. ते काम कंडोमचंच,” सिस्टर म्हणाली. कंडोमचं नाव निघताच नवरा सवयीने खोकला.

“आणि मुलं पुरे झाली असतील, तर तुमच्यासाठीही एक आहे,” सिस्टरने त्याच्याकडे मोर्चा वळवला. “छोटंसं ऑपरेशन. त्याच दिवशी घरी.”

नवऱ्याने छताकडे पाहिलं. “दोरखंडाला लटकता येतं का नंतर?”

“थोडे दिवस थांबून येतं.”

“विचार करतो,” तो म्हणाला. दुर्बिणीने चमकून त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण त्याचे कान इतके लाल झालेले तिने कधी पाहिले नव्हते. सध्या गोळ्याच बऱ्या, असं तिने सिस्टरला सांगितलं. निदान त्या आता तिला कळल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कामाची घंटा व्हायच्या आधी ती रंगखोलीत गेली. मावशी कापडाचा निळा तुकडा खिडकीशी धरून बसल्या होत्या. दुर्बीण रस्त्यात पाठ केलेलं सगळं विसरली आणि एकदम म्हणाली, “मला वाटलं मला दिवस गेलेत. म्हणून नाही म्हणाले. नाही गेले.”

मावशींनी तुकडा खाली ठेवला. “आणि गेले असते तर?”

“तर सहा महिने सलग कसं जमलं असतं?”

“माझ्या थोरलीच्या वेळी मी नवव्या महिन्यापर्यंत याच खुर्चीत बसले होते. शेजारी बादली ठेवून. धाकट्याच्या वेळी पाच महिने घरी पडून होते, आणि परत आले तेव्हा डोळा पुन्हा लावायला दोन महिने लागले. लागले तर लागले.” मावशींचा आवाज चढला होता. “सलग म्हणजे सिनेमाला आणि लग्नाला दांड्या मारायच्या नाहीत. त्या दोघी तशाच गेल्या. पोटुशी बाई मी कधी परत पाठवली? तू मला विचारलं का नाहीस?”

दोन महिने दुर्बिणीने ज्यांना काही माहीत नाही अशा सगळ्यांना विचारलं होतं. जिला माहीत होतं, तिच्यासमोरून ती पळाली होती. तिला स्वतःचा इतका राग आला की कानशिलं गरम झाली.

“आता मी तिला शब्द दिलाय,” मावशी म्हणाल्या. “शब्द मोडणार नाही. पण शेजारी दोघी बसू शकतात. सोमवारपासून दोघी या. सहा महिन्यांनी जिचा डोळा बसेल तिची खुर्ची. दुसरी परत टेबलावर. तिला तू सांग. मी नाही सांगणार.”

चिमणी टेबलाशी दिवा पुसत होती. “काय म्हणाली सिस्टर?”

“नाही गेले दिवस.”

चिमणीने फडकं टाकलं, टेबलाला वळसा घालून आली आणि तिला घट्ट मिठी मारली. आजूबाजूच्या बायका बघू लागल्या. “अगं बाई! सुटलीस!” आणि मग ते हात सैल झाले. ती अर्धं पाऊल मागे सरकली.

“म्हणजे तू...”

“हो. सोमवारपासून. दोघी.”

चिमणी खुर्चीत बसली. तिने पुसून झालेला दिवाच पुन्हा पुसायला घेतला. दोघींनाही ठाऊक होतं, एका दिव्याखाली दोघींनी कापड धरलं तर काय होणार ते. राखाडी रेघ होती की नव्हती हा प्रश्न वेगळा, ती कोणाला दिसली होती आणि कोणाला नाही, ते उघड होतं.

“एक सांगू? रागावणार नाहीस?” शेवटी चिमणी म्हणाली. तिचा आवाज पार बारीक झाला होता. “तू नाही म्हणालीस तेव्हा मला बरं वाटलं होतं. तू रोज रडवेली यायचीस, मी तुला धीर द्यायचे, आणि आतून मला बरं वाटायचं. मनात म्हणायचे, असू दे हिला दिवस गेलेले.”

दुर्बिणीला रागवावं की काय करावं, ते कळेना. चिमणीच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही असंच बरं वाटलं असतं की नसतं, याचाही तिला अंदाज येईना. घंटा झाली. सगळ्या बायकांनी आपापले दिवे लावले.

“ऊठ,” ती म्हणाली. “माझ्या बाजूला ये. तुझा दिवा चुकीच्या उंचीवर आहे, केव्हापासून सांगेन म्हणतेय.”

चिमणीने खुर्ची ओढली आणि नाक पुसत तिच्या बाजूला येऊन बसली.